आमची वाटचाल : घासणीपासून सीआयपी ट्रॉलीपर्यंत

५०० लिटरचं ब्रुहाउस (बिअर शिजवण्याची भांडी), वाफेच्या जॅकेटची केटल (उकळण्याचं भांडं, भोवती वाफेचं कवच) आणि लांब दांड्याचे नायलॉनचे ब्रश, एवढ्यावर पुण्यातली आमची बिअरची ब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर टाक्या थोड्याच वाढल्या, बदलली ती धुण्याची पद्धत : आता सीआयपी (क्लीन-इन-प्लेस), म्हणजे भांडं न सोडवता पंपाने आत रसायन फिरवून धुणं. भांडं नीट स्वच्छ होत नसेल तर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) वाढवू नये, असं आमचं ठाम मत आहे. आधी वेळ आणि पाण्याचा प्रवाह तपासावा.

वॉर्टमधली (माल्टच्या गोड अर्कातली) प्रथिनं, साखर आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ ओली असेपर्यंत ६०–७० अंशांच्या पाण्यानेच बरीचशी सुटते. वाळली की तेच काम कॉस्टिकला करावं लागतं. म्हणून केटलमध्ये उकळी चालू असते त्या ६० ते ९० मिनिटांतच मॅश टन (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं भांडं) धुऊन मोकळा करायचा. चोथा काढायचा, फॉल्स बॉटमची (तळाच्या थोडं वर बसणारी, चोथा अडवणारी) जाळी उचलून तिची खालची बाजूही फवाऱ्याने धुवायची. जाळीखाली राहिलेले दाणे आंबतात आणि पुढच्या मॅशला वास येतो. रेकची (चोथा ढवळणाऱ्या दात्यांची) मोटर मेन स्विचवरून बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. चोथा त्याच दिवशी गोठ्यावर गेला पाहिजे, उन्हाळ्यात तर संध्याकाळच्या आत.

केटलची सफाई खरं तर उकळीच्या वेळीच ठरते. पातळी जॅकेटच्या वर येण्याआधी वाफ सोडली, किंवा वॉर्ट बाहेर काढताना पातळी जॅकेटखाली गेली तरी वाफ चालू राहिली, की साखर आणि प्रथिनं भिंतीला करपतात. हा तपकिरी थर काढायला ३ टक्के कॉस्टिक आणि पाऊण तास लागतो. वाफ वेळेवर बंद केली तर २ टक्के आणि अर्धा तास पुरतो.

पुढचा टप्पा म्हणजे स्प्रे बॉल, भांड्यात वरून पाणी फवारणारा छिद्रांचा गोळा. स्थिर स्प्रे बॉलला भांड्याच्या परिघाच्या प्रत्येक मीटरमागे मिनिटाला साधारण ३० लिटर प्रवाह हवा. एक मीटर व्यासाच्या केटलला म्हणजे मिनिटाला ९५ लिटर, तेही बॉलपाशी दीड ते दोन बार दाबाने. साधा छोटा पंप लावला की वरचा घुमट भिजतो आणि भिंतीवर पाण्याचे ओघळ येतात; ओघळांच्या मधली जागा कोरडी राहते, कॉस्टिक कितीही कडक असो. तळाशी पाणी साचू देऊ नका, डबक्याखालचा भाग घासला जात नाही. येणाऱ्या प्रवाहाइतका निचरा व्हायलाच हवा. बॉलची छिद्रं हॉप्सच्या कणांनी बुजतात, म्हणून परतीच्या नळीत गाळणी बसवा आणि बॉल उघडून पाहत जा.

सीआयपी ट्रॉलीवर आमच्या दोन टाक्या आहेत, एक कॉस्टिकची, एक ॲसिडची. ८० लिटरमध्ये २ टक्क्यांसाठी १.६ किलो कॉस्टिकचे फ्लेक्स (पापुद्रे). फ्लेक्स नेहमी थंड पाण्यात थोडे थोडे टाकायचे, फ्लेक्सवर पाणी कधीच ओतायचं नाही; मग तापमान ७५–८० अंशांवर न्यायचं. गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पहिला खंगाळ सरळ गटाराला, सलग धारेऐवजी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तीन-चार झोतांत. मधल्या वेळात भांडं निथळतं आणि पाणी वाचतं.

कॉस्टिक पुन्हा वापरायचं असेल तर अंदाजावर चालत नाही. १० मिली नमुना, फिनॉल्फ्थॅलीनचे (कॉस्टिकमध्ये गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब, मग थेंब थेंब १ नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचं) हायड्रोक्लोरिक ॲसिड. गुलाबी रंग जाईपर्यंत जितके मिली लागले, त्याला ०.४ ने गुणलं की टक्केवारी. ५ मिली म्हणजे २ टक्के. हे कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड असलेल्या फर्मेंटरला (बिअर आंबवण्याच्या टाकीला) लावू नका. वायू शोषून त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, ताकद जाते आणि बंद टाकीत निर्वात होऊन ती चेपू शकते.

सगळ्यात कटकटीचा भाग प्लेट हीट एक्सचेंजर, गरम वॉर्ट थंड पाण्याने गार करणारा प्लेटांचा संच. वॉर्ट गेल्या गेल्या उलट दिशेने गरम पाणी, कण येणं थांबेपर्यंत. मग त्याच उलट दिशेने अर्धा तास कॉस्टिक. दोन्हीकडचा प्रवाह आणि थंड पाण्याचं तापमान तेच असूनही वॉर्ट दोन-तीन अंश गरम निघू लागला तर प्लेटा बुजल्या समजा. उघडण्याआधी कडेवर तिरकी रेघ मारून ठेवा, क्रम चुकत नाही. बंद करताना प्लेट पॅकची जाडी उत्पादकाने दिलेल्या मापावरच आणा.

करडा-पांढरा थर कॉस्टिकने जात नाही. तो कॅल्शियम ऑक्झलेट. त्याला नायट्रिक-फॉस्फरिक मिश्रण, १ ते १.५ टक्के, ५० अंशांवर २० मिनिटं. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर कॉस्टिक सॉफ्टनरच्या (क्षार काढलेल्या) पाण्यातच बनवा, नाहीतर चुनखडीचा नवा थर बसतो. ॲसिडजवळ ब्लीच ठेवूसुद्धा नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, आणि ब्लीचमधल्या क्लोराइडने ३०४ स्टीलला खड्डेही पडतात.

थंड बाजूला (वॉर्ट गार झाल्यानंतरच्या टाक्या-नळ्यांना) शेवटी जंतुनाशक म्हणून परॲसिटिक ॲसिड : १५ टक्क्यांचं असेल तर १०० लिटरला सुमारे १२० मिली, म्हणजे साधारण २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग).

वापरलेलं कॉस्टिक आणि ॲसिड आम्ही वेगळ्या टाकीत, थंड झाल्यावर, हळूहळू एकत्र करतो आणि पीएच ५.५ ते ९ मध्ये आल्यावरच सांडपाण्यात सोडतो.