बालरथातली वही

आमच्या शाळेत दहावीतल्या एका मुलाला किंवा मुलीला गॅदरिंगच्या दिवशी ‘बेस्ट आऊटगोइंग स्टुडंट’ची ढाल मिळते. ढाल एकालाच मिळते, पण तिच्यापायी डिसेंबरात आम्हा निवड समितीवाल्यांची झोप उडते. तक्ता ठरलेला आहे: अभ्यासाला चाळीस गुण, खेळाला वीस, कला-वक्तृत्व-विज्ञान मिळून वीस आणि ‘नेतृत्व व समाजकार्य’ वीस. पहिल्या तीन रकान्यांवरून वाद होत नाहीत. चौथ्यावरून दोन शिक्षक वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, हेही मी पाहिलं आहे.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये शिकवते. गाव, शाळा सांगत नाही. ज्या बाईबद्दल लिहिणार आहे, ती आता इथं कामाला नाही, म्हणूनच लिहिते आहे.

आधी प्रमाणपत्रांबद्दल, कारण बाहेरच्यांना त्याची कल्पना नसते. तक्त्यात ‘स्तर’ असा एक रकाना आहे. शाळा पातळीला दोन गुण, तालुक्याला पाच, राज्याला दहा, त्यापुढे पंधरा. त्यामुळे मुलं प्रमाणपत्रं आणतात ती आधी स्तर बघून. कोविडपासून ऑनलाइन क्विझचं पीक आलंय. दहा प्रश्न सोडवायचे, नाव टाइप करायचं, पीडीएफ उतरवून घ्यायची. एका मुलाच्या फाइलमध्ये त्याच्या वडिलांच्या नावाचं प्रमाणपत्र निघालं. मोबाइल वडिलांचा, नाव आपोआप भरलं गेलेलं. काही ऑलिम्पियाडवाले फी भरली की नावातच ‘इंटरनॅशनल’ देतात आणि मग आई-वडील पंधरा गुण मागायला येतात. समाजकार्य म्हणजे बहुतेक वेळा किनारा-सफाई. आमच्या तालुक्याला समुद्र नाही. तरी मुलं बस करून मिरामारला जातात, हातमोजे घालतात, बॅनर धरून फोटो काढतात. त्याच मुलांच्या वाड्यावरच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, वर्षभर काय पडलेलं असतं ते मला ठाऊक आहे.

या गर्दीत दोनच प्रकारची कागदपत्रं मी डोळे मिटून मानते. एक आमच्या पीईटी सरांची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या. बोर्डाचे क्रीडागुण त्यांच्यावर ठरतात, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक कागद शिक्क्यासकट असतो आणि एक तारीख इकडची तिकडे झाली तर ते स्वतः पणजीला खेपा घालतात. दुसरी कला अकादमीच्या भजनी स्पर्धेची. तिथं पखवाज चुकला तर तो सगळ्यांना ऐकू जातो. पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत घरोघर फिरून घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्या, आरत्या पुढे नेणाऱ्या पोरांना कसलाच कागद मिळत नाही. 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला, पण वाजवणारा पोरगा आमच्या तक्त्यात शून्यावर आहे.

त्या वर्षी ढाल कुणाला जाणार हे जवळपास ठरलेलं होतं. आमची हेड गर्ल. तिची फाइल जाडजूड होती आणि त्यात भरताड कमी होतं: वक्तृत्वात राज्य पातळी, विज्ञान प्रदर्शन, विज्ञानातल्या कल्पनेसाठी केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेचे दहा हजार. माणूस म्हणूनही मुलगी चोख. प्रार्थनेच्या वेळी माइक गेला तर खणखणीत आवाजात प्रतिज्ञा पुरी करणारी. तिच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही.

बैठक दुपारी होती. सकाळी पहिल्या तासाआधी बालरथाचा चालक स्टाफरूमच्या दारात आला. बालरथ म्हणजे सरकारने अनुदानित शाळांना दिलेली मुलांची बस, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. गाडीवर एक चालक आणि मुलांना चढवा-उतरवायला एक मदतनीस, दोघंही कंत्राटी. चालक म्हणाला, “टीचर, ही वही सीटखाली उरली. तुमच्या वर्गातल्या पोरीची.”

शंभर पानी लांब वही होती, मागचं कव्हर फाटलेलं. गृहपाठाची असेल म्हणून उघडली.

पहिल्या पानावर थांबे होते: पिकअप शेड, सातेरीचं देऊळ, वडाकडे, साकव, वरचा वाडा. प्रत्येक थांब्याखाली मुलांची नावं, इयत्ता, घ्यायला कोण येतं, फोन नंबर. शेवटचा रकाना ‘लक्षात ठेवणे’. त्यातलं काही उतरवते. ‘आजीला ऐकू येत नाही, हॉर्न दोनदा.’ ‘कुत्र्याला भितो, दारापर्यंत.’ ‘वळणावर ओकारी, पुढची सीट, खिडकी.’ ‘बाबा आले तर सोडायचं नाही, आईलाच.’ या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. त्या घरात काय चाललंय हे वर्गशिक्षिकेला माहीत नव्हतं. मी नंतर विचारलं.

पुढच्या पानांवर तारखा आणि खुणा. चढला एक टिंब, उतरला एक फुली. शेवटी उतरणारे मागे, आधी उतरणारे दाराशी, असा बसण्याचा नकाशा. थांबा बदलला की नकाशाही बदललेला. जुलैतल्या एका पानावर लिहिलं होतं: ‘साकवावर पाणी. गाडी अलीकडेच. ७ जण देवळात. बिस्किटं भटमामांनी दिली. ५.४० ला शेवटचा गेला.’ सत्तरीत 23 जुलै 2021 चा म्हादईचा पूर पाहिलेल्या कुणालाही ‘साकवावर पाणी’, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावर पाणी, म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या दिवशी तिथं ठरवणारं कुणी मोठं माणूस होतं का, हे पानावर नव्हतं.

मुलगी माझ्याच वर्गातली. मागच्या बाकावर बसणारी, पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपासची. कुठल्या हाउसची कॅप्टन नाही, कौन्सिलमध्ये नाही. प्रमाणपत्र एकही नाही. निदान तिनं जमा केलेलं नाही. मला तेव्हा फार आनंद झाला होता. पोर्टफोलिओ म्हणून आम्ही मुलांकडून जे काही करून घेतो, त्यातलं एकही या वहीच्या जवळपास येणारं नव्हतं. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये समग्र प्रगतिपत्रक आहे, स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन आहे, त्यावर आमची प्रशिक्षणं झाली, दुपारची जेवणं झाली. आता दाखवायला काहीतरी हाती आलं होतं. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारातसुद्धा समाजसेवा हा वेगळा विभाग आहे. माझं डोकं तिथपर्यंत धावलं, हे कबूल.

रिसेसला तिला बोलावलं. वही पाहून ती आधी खूश झाली, मग मी ढालीचा तक्ता काढला तशी तिचा चेहरा उतरला.

“नाका, टीचर.”

मला वाटलं लाजतेय. आमच्याकडच्या मुली पहिल्यांदा नकोच म्हणतात. मी समजावलं, स्टेजवर बोलावं लागणार नाही, फक्त समितीपुढे ठेवते.

“समितीक नाकाच. मावशेक काडून उडयतले.” समितीला नकोच, मावशीला काढून टाकतील.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मदतनीस मावशीच्या नवऱ्याची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं. सकाळी निघालं तर चार तास मशीनवर, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. दुपारची फेरी तिला गाठता येत नव्हती. पहिल्यांदा एक दिवस ही मुलगी म्हणाली, तुम्ही जा, मी बघते. मग दोन्ही दिवस तीच बघू लागली. वही त्यासाठीच होती. मावशी परत आली की रात्री फोनवर विचारायची आणि ही वहीतून वाचून दाखवायची. थोडक्यात, मावशीची हजेरी लागत होती आणि काम होत होतं. फक्त करणारी पंधरा वर्षांची होती.

मी तिला म्हटलं, “हे तुझं काम आहे. तुझं नाव व्हायला हवं.”

ती म्हणाली, “म्हजें नांव जालें, म्हळ्यार तिचें येतलेंच.” माझं नाव झालं, म्हणजे तिचं येणारच.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं नाव घ्यायचं म्हणजे त्या दुपारी मदतनीस गाडीत नव्हती हेही त्याच वाक्यात सांगायचं. पुरस्काराचा अर्ज मावशीविरुद्धची तक्रार होऊन बसला असता.

दुपारी बैठकीला वही माझ्या पिशवीत होती. चौथा रकाना आला तेव्हा मी मुद्दा मांडला की प्रमाणपत्राशिवायही मुलं कामं करतात, रोज करतात, त्यांना गुण देण्याची सोय हवी. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक टीचर धोरणातलं वाक्य पाठ म्हणाल्या. मग पीईटी सरांनी विचारलं, “बरोबर आहे, पण एक उदाहरण द्या.”

माझ्या तोंडात ते उदाहरण होतं. पिशवीत त्याचा पुरावा होता, तारखांसकट. मी म्हटलं, “सर्वसाधारणपणे बोलतेय.” सर हसले, त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्यांना वाटलं असणार की ही प्रशिक्षणातली भाषा बोलतेय. ढाल हेड गर्लला गेली. एकमताने. मीही हात वर केला.

आता जे मला सुटत नाही ते सांगते. मुलीची गोष्ट झाकून ठेवायची हे एका बाजूला ठीक. पण दुसऱ्या बाजूला ती तिसरी-चौथीतली पोरं होती. मोठं माणूस नसताना गाडीतून घाट उतरत होती. ‘बाबा आले तर सोडायचं नाही’ हे एका दहावीतल्या पोरीनं एखाद्या तर्र माणसासमोर उभं राहून कसं निभावलं असेल? हे माहीत असून गप्प बसणारी शिक्षिका कसली? त्यामुळे दोन दिवसांनी मी हेडमास्तरांकडे गेले. वहीचं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, बालरथाला दुपारच्या फेरीला आठवड्यातून दोन दिवस बदली मदतनीस मिळेल का.

ते पेन खाली ठेवत म्हणाले, “सोमवार, गुरुवार ना?”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चालकाला ठाऊक होतं. वाड्यावरच्या पालकांना तर होतंच, आजीचा दोनदा हॉर्न उगाच वाजत नव्हता. सगळ्यांनी मिळून मावशीची नोकरी सांभाळली होती आणि त्याचं ओझं एका मुलीच्या खांद्यावर ठेवलं होतं. हेडमास्तर वाईट माणूस नाही. बदलीचा पगार कुठल्या हेडखाली दाखवू, हा त्यांचा प्रश्न खरा होता. कागदावर लिहिलं तर आधी खुलासा मागवला जाईल, मग मावशी जाईल, मग नवीन नेमणुकीपर्यंत पाचही दिवस मदतनीस नाही. आपल्याकडे व्यवस्था अशीच चालते: भोक दिसलं की ते बुजवायला माणूस शोधायचा, आणि तो सापडला की भोक नव्हतंच म्हणायचं. शेवटी त्यांनी ग्रंथालयाच्या शिपायाला त्या दोन दुपारी गाडीवर पाठवलं, तोंडी आदेशाने. मुलगी तरी वही घेऊन बसतच होती. शिपायाला कोण कुठे उतरतो हे माहीत नव्हतं.

मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर तिचा दाखला मी भरला. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ लिहायचं असतं. ते सगळ्यांचंच चांगली असतं; ज्यानं प्रयोगशाळेतला गॅसचा पाइप कापला होता त्याचंही. अकरावीच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागायला ती आली नाही. मी न मागता लिहून दिलं. ‘जबाबदारीची जाणीव असलेली’ असं त्यात आहे. हेच वाक्य मी हेड गर्लच्या पत्रातही लिहिलं होतं, यापेक्षा वेगळं लिहायला गेलं की परत तेच प्रश्न. आता ती एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, आहे. तिथं वर्षाला 120 तास भरावे लागतात, तास मोजायला रजिस्टर असतं आणि त्यावर अधिकाऱ्याची सही असते. भेटली तेव्हा म्हणाली, झाडं लावली, फोटो काढले.

यंदा तक्ता सुधारायचं काम माझ्याकडे आलंय. चौथ्या रकान्यात मी लिहिलं: ‘प्रमाणपत्र आवश्यक नाही. काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षकाची स्वाक्षरी पुरेशी.’ समितीला ते पटलं, फक्त त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. शिक्षक सगळीकडे नसतात, तेव्हा ज्या ठिकाणी काम झालं तिथल्या जबाबदार कर्मचाऱ्याची सही घ्यावी: ग्रंथालयात ग्रंथपाल, प्रयोगशाळेत सहायक, बालरथात मदतनीस. दुरुस्ती अगदी समंजस आहे. तिच्याविरुद्ध कारण काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि मसुदा सोमवारी द्यायचा आहे.