स्नोबाईकची स्की आणि बर्फातली चाकोरी

परवा इथे अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉयझीत एका ओळखीच्या मुलाने स्नोबाईक किट घेतलं आणि मला पहिला प्रश्न विचारला की ट्रॅक किती इंचाचा घेऊ, १२० का १२९? मी म्हटलं ट्रॅकचं नंतर बघू, आधी स्की उलटी करून दाखव. मला खरंच कळत नाही लोक इंजिनवर, एक्झॉस्टवर एवढा पैसा घालतात आणि पुढची स्की किटमध्ये येईल तीच आयुष्यभर वापरतात, बाईक कुठे जाणार हे तर तीच ठरवते!

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, स्नोबाईक म्हणजे साधी डर्टबाईकच, पुढचं चाक काढून एक स्की, म्हणजे बर्फावर घसरणारी लांब पट्टी, लावायची आणि मागचं चाक, ते धरणारा स्विंगआर्म सगळं काढून रबरी ट्रॅक, म्हणजे रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा, बसवायचा. टिंबरस्लेड हे यातलं मोठं नाव, कंपनी मूळची आमच्या आयडाहोतल्या सँडपॉइंटची, २०१५ मध्ये पोलारिसने घेतली, आणि २०१७ ला अ‍ॅस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नोबाईकची रेस झाली.

माझ्या पहिल्या सीझनची गोष्ट सांगतो. इथल्याच डोंगरातल्या मॅकॉलला गेलो होतो, गाडी लावली तिथून वर मोकळ्या बर्फापर्यंत जायला स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरसारख्या गाड्यांचा, दाबून सपाट केलेला रस्ता आहे, त्यावर माझं हँडल इतकं ओढत होतं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, की वर पोचेपर्यंत मनगटं भरून आली. मला वाटलं स्टेअरिंगचे बेअरिंग गेले, घरी येऊन सगळं खोललं, बेअरिंग ठणठणीत. दोष स्कीच्या कीलमध्ये होता. कील म्हणजे स्कीच्या पोटाखाली मधोमध लांबलचक उभा कणा असतो तो, आणि त्याच्या खाली कार्बाइड या कठीण धातूची धारदार पट्टी. कील खोल असली की कडक बर्फात आधीच्या स्नोमोबाईलने पाडलेली खाच ती पकडते आणि सोडतच नाही. गावाकडे उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत मोटरसायकल घातली की काय होतं आठवा, तुम्ही हँडल वळवता पण चाक चाकोरीतूनच जाणार, अगदी तेच. इथले लोक याला डार्टिंग म्हणतात. स्नोमोबाईललाही होतं, पण तिला लांब अंतरावर दोन स्की असतात आणि ती सहसा आडवी होत नाही, आपल्याकडे एकच स्की आणि वर तोल सांभाळायचा.

मग खोल कील वाईट का? अजिबात नाही. ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनमीटरला ५०-१०० किलो असतं, अखंड बर्फाच्या लादीचं ९१७. म्हणजे एकाच नावाखाली आपण दहापट वेगळ्या गोष्टींवर गाडी चालवतोय. मऊ बर्फात स्की रुंद हवी, पुढचं टोक चांगलं वर वळलेलं हवं, नाहीतर ती खाली घुसते आणि बाईक नाक खुपसते. पण नुसती रुंद आणि पोटाला सपाट असेल तर उतारावर आडवं जाताना पुढचा भाग हळूच खाली घसरत राहतो, तिथे धरून ठेवायला कीलच लागते. मॅकॉलच्या झाडांमधून आडव्या उतारावर मला तीच खोल कील देवासारखी वाटली होती, ज्या कीलने सकाळी रस्त्यावर छळलं तीच.

दुसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही ती म्हणजे स्की फोर्कला कुठे जोडली आहे. दुकानातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक बघा, ते नेहमी आपल्या खिळीच्या मागे राहतं म्हणून सरळ चालतं. स्कीवरचा मुख्य भार स्टेअरिंगच्या रेषेच्या मागे पडला तर ती आपोआप सरळ येते, पुढे पडला तर हँडल पळतं. फार मागे नेला तर मात्र झाडांत वळताना हँडल जड होतं. मी जोडणीचं भोक एकच बदललं आणि ओढणं निम्म्यावर आलं, एक पैसा खर्च न करता. स्पिंडल, म्हणजे स्की जिथे बसते तो जोड, त्याखालचा रबराचा ठोकळा पण बघा, तो झिजला की स्कीचं टोक खाली झुकतं आणि मग सगळंच बिघडतं.

सगळ्यात त्रासाचा बर्फ म्हणजे वर पापुद्रा आणि खाली भुसभुशीत, उन्हाने वितळून रात्री गोठलेला. स्कीचं टोक पापुद्र्याखाली गेलं की बाईक जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे जातो. तिथे वजन मागे, गॅस चालू, आणि वर वळलेलं टोक, दुसरा उपाय मला सापडला नाही.

आणि इंटरनेटवरचे सल्ले घेताना तो माणूस कुठे चालवतो ते आधी विचारा. पलीकडे पश्चिमेला वॉशिंग्टन, ऑरेगनच्या कॅस्केड डोंगरांत समुद्राजवळचा ओला जड बर्फ पडतो, लोक त्याला कॅस्केड काँक्रीटच म्हणतात, तिथे अरुंद स्कीसुद्धा तरंगते. तीच स्की युटा राज्यातल्या कोरड्या बर्फात बुडेल.

मी आता दोन कीलवाली स्की वापरतो, मधे एक खोल धार असण्याऐवजी दोन उथळ, त्यामुळे एका खाचेत दोन्ही एकदम सहसा अडकत नाहीत. खूप मऊ बर्फात आडव्या उतारावर पकड थोडी कमी वाटते, हे खरंय. त्या मुलाची स्की उलटी केली तर कार्बाइड एका बाजूने पार झिजलेलं निघालं, किट जुनं होतं. शनिवारी त्याच्याकडे जाऊन पट्टी बदलतोय आणि जोडणीही एक भोक सरकवून बघणार, मग मॅकॉलच्या त्याच रस्त्यावर त्याला आधी जाऊ देणार, हँडल ओढतंय का ते त्याच्या हातालाच कळू दे.