अँपिअर-तासापासून जस्ताच्या वजनापर्यंत

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पाहिल्या, तर काहींच्या पंख्याजवळ बसवलेले जस्ताचे तुकडे खडबडीत आणि अर्धेमुर्धे झालेले दिसतात. खाऱ्या पाण्यात जस्त स्वतः झिजते आणि पंखा व त्याचा दांडा वाचवते. या झिजेतून किती विद्युतभार वाहिला हे काढायचे असेल, तर एककांचे रूपांतर नीट यायला हवे, आणि शाळेत रुक्ष वाटणारा हा विषय मला इथे विलक्षण जिवंत वाटतो.

एक अँपिअरचा प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम विद्युतभार वाहतो. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम आणि एक मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.६ कूलोम. त्यामुळे पावसाळ्यात वीज गेल्यावर घराला आधार देणारी १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी ५,४०,००० कूलोमची, तर ५,००० मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल १८,००० कूलोमचा ठरतो. हे प्रमाण तीसपट आहे. मात्र त्यावरून ऊर्जाही तीसपट आहे असे मुळीच समजू नये. ऊर्जेसाठी व्होल्टनेही गुणावे लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे १२ व्होल्ट आणि मोबाइलच्या बॅटरीचे सुमारे ३.८५ व्होल्ट धरले, तर ऊर्जेचे प्रमाण नव्वदपटीच्या पुढे जाते. दुकानात केवळ मिलिअँपिअर-तासांचा आकडा पाहून तुलना करणाऱ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा.

जस्ताचा हिशेब करायचा तर कूलोमपासून अणूंच्या संख्येपर्यंत पोहोचावे लागते. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनवरील विद्युतभाराचे मूल्य व्याख्येनेच निश्चित केलेले असून, एका मोल इलेक्ट्रॉनांचा (मोल म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन असे सूक्ष्म कण मोजण्यासाठी ठरवलेली एक प्रचंड संख्या) एकत्रित भार सुमारे ९६,४८५ कूलोम, म्हणजेच २६.८ अँपिअर-तास भरतो. या राशीला फॅरडे म्हणतात. जस्ताचा प्रत्येक अणू विरघळताना दोन इलेक्ट्रॉन देतो आणि एका मोल जस्ताचे वजन ६५.३८ ग्रॅम असते, त्यामुळे ५३.६ अँपिअर-तासांमागे ६५.३८ ग्रॅम, किंवा किलोमागे सुमारे ८२० अँपिअर-तास असे गणित बसते. प्रत्यक्षात काही जस्त प्रवाह न देताच विरघळते, म्हणून हा आकडा कमाल मर्यादा मानावा.

समजा, बसवताना आणि काढताना तुकडा तोलला आणि दहा महिन्यांत, म्हणजे सुमारे ७,३०० तासांत, त्याचे वजन अर्ध्या किलोने घटले. वाहिलेला विद्युतभार फार तर ४१० अँपिअर-तास, म्हणजे १४,७६,००० कूलोम. आणि त्याला तासांनी भागले की सरासरी प्रवाह जास्तीत जास्त ५६ मिलिअँपिअर निघतो.