दिवे लावले की काटा चढतो

आमच्या ट्रकला ताप यायचा तो फक्त संध्याकाळी. दुपारी कळव्याहून कळंबोलीला जाताना टेम्परेचरचा काटा निम्म्यावर शहाण्यासारखा बसलेला. परतताना मुंब्रा बायपासचा चढ लागेपर्यंत तो लाल पट्ट्यात. मी चढाला दोष दिला. १९६७ची टाटा मर्सिडीज, तोंडावर अजून तीन टोकांचा तारा. या वयात धाप लागणारच. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर. काटा ढिम्म ऐकेना.

काढलेला सेन्सर पातेल्यात उकळून त्याला मल्टिमीटर लावला. पाणी तापत गेलं तसा रेझिस्टन्स उतरत गेला, म्हणजे सेन्सर ठणठणीत! हे बदलण्याआधी करायचं असतं. (पातेलं आता गॅरेजचं, असं बायकोने जाहीर केलंय.)

मग एका संध्याकाळी अप्पा शेजारी बसले होते. पेट्रोल पंपावर थांबलो, काटा टोकाला. अप्पांनी खाली उतरून नुसता बॉनेटजवळ वास घेतला.

"वाफ नाय, वास नाय. काटा खोटं बोलतोय. लाइट बंद कर बघू."

बंद केले, काटा खाली. लावले, वर. तीनदा करून पाहिलं.

म्हणजे खोड अर्थिंगची, करंट गाडीच्या बॉडीतून परत जातो त्या जोडणीची. मूळचा केशनळीचा, विजेशिवाय चालणारा मीटर कधीच गेला. अप्पांनी नंतर बसवलेला हा विजेवरचा. त्याचं आणि लाइटबरोबर लागणाऱ्या आतल्या बारक्या दिव्याचं अर्थिंग एकच. ते अर्थिंग सुटलं की दिव्याचा करंट दुसरी वाट शोधतो, मीटरच्या कॉइलमधून सेन्सरकडे आणि तिथून इंजिनाच्या बॉडीला. सेन्सर गरम झाल्यावर करंट वाढतो तसाच इथेही वाढतो, काट्याला फरक काय कळणार?

बॅटरीची वायर सोडून मीटर बाहेर काढला. अर्थिंगचा स्क्रू छान घट्ट होता, पण रंगावर, आणि रंगातून करंट जात नाही. गेल्या दिवाळीला डॅशबोर्ड मीच रंगवून घेतला होता, वर दोन हात जास्त द्यायला लावले होते. पॉलिश पेपरने नाण्याएवढा पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, शिवाय एक वायर सरळ चासीला नेली.

रात्री पुन्हा बायपास. काटा निम्म्यावर.

"रंगाचे किती दिले होतेस?" अप्पांनी विचारलं. मी गिअर बदलला.