मिडी ट्रॅकच्या आवाजाची पातळी : २२ गाण्यांच्या कामाची नोंद

कोजागरीच्या कार्यक्रमासाठी निवडलेल्या २२ गाण्यांपैकी १७ गाण्यांचे मिडी ट्रॅक (कोणते वाद्य काय व किती मोठ्याने वाजवायचे याच्या सूचनांच्या साथीच्या फाइल) आता एकामागून एक वाजवले, तरी मिक्सरच्या फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाला, हात लावावा लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी भावगीत संपून कोळीगीत सुरू झाले, की मुखड्याच्या पहिल्याच ओळीत गायिकेचा आवाज बुडत असे, आणि मला डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्या हाताने फेडर शोधावा लागे. हे ट्रॅक वेगवेगळ्या लोकांनी, आपापल्या साऊंड मॉड्यूलवर (मिडीच्या सूचनांवरून आवाज काढणाऱ्या यंत्रावर) ऐकत तयार केलेले आहेत, त्यामुळे त्यांची पातळी एकमेकांशी जुळण्याचे काही कारणच नव्हते.

सुरुवातीला मी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग धरला. ज्या गाण्याचा आवाज मोठा, त्याच्या प्रत्येक चॅनेलच्या (एकेका वाद्याच्या मार्गाच्या) सीसी ७ मधून, म्हणजे ० ते १२७ अशा आकड्यांत लिहिलेल्या चॅनेलच्या व्हॉल्यूममधून, सरसकट २० वजा केले. गाण्याचा आवाज हळू झाला खरा, पण त्यातला स्ट्रिंग्जचा पॅड, म्हणजे मागे सलग वाजणारी साथ, जवळजवळ नाहीसा झाला आणि बास मात्र तसाच पुढे राहिला. याचे कारण गणितात आहे. जनरल मिडी या मिडी वाद्यांच्या समान मानकाच्या शिफारशीनुसार सीसी ७ ची किंमत १२७ ने भागून, त्याचा लॉगरिदम घेऊन, त्याला ४० ने गुणले की डेसिबल मिळतात; म्हणजेच एका अंकाचे वजन सगळीकडे सारखे नसते. बास ११० वरून ९० वर आला तेव्हा तो सुमारे साडेतीन डेसिबलने उतरला, पण पॅड ५० वरून ३० वर आला तेव्हा तो जवळपास नऊ डेसिबलने उतरला. वजाबाकी सर्वांची सारखी होती, तरी मूळ संयोजकाने बसवलेला तोल पूर्ण मोडला होता.

त्यानंतर मी वजाबाकी सोडून गुणाकाराकडे वळलो. सर्व चॅनेलच्या किमतींना ०.८ ने गुणले, तर ११० चे ८८ होतात, ५० चे ४० होतात, आणि दोन्ही वाद्ये सारखीच, म्हणजे सुमारे चार डेसिबलने, खाली येतात. दोन डेसिबलसाठी ०.८९ आणि सहा डेसिबलसाठी ०.७१ हे गुणक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. गुणक एकपेक्षा मोठा मात्र मी कधीच घेत नाही, कारण ११० ला १.२ ने गुणले तर उत्तर १३२ येते, किंमत १२७ वर अडते, आणि जे वाद्य आधीच वरच्या टोकाला आहे तेच मागे राहून तोल पुन्हा बिघडतो. म्हणून संचातले सर्वांत हळू आवाजाचे गाणे प्रमाण मानून बाकीची त्याच्यापर्यंत उतरवली आणि एकूण आवाजाची भरपाई मिक्सरच्या गेनवर एकदाच केली.

गुणाकार बरोबर असूनही एका तालमीत दुसऱ्या अंतऱ्याआधी व्हायोलिन एकदम अंगावर आले. इव्हेंट लिस्ट, म्हणजे फाइलमधल्या सूचनांची यादी, उघडून पाहिली, तेव्हा त्या एकाच चॅनेलवर सीसी ७ च्या १४ नोंदी सापडल्या. मी फक्त पहिली बदलली होती आणि नवव्या नोंदीने आवाज मूळच्या जागी नेऊन ठेवला होता. तेव्हापासून पायथॉनमधील मिडो लायब्ररी वापरून लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट फाइलमधील प्रत्येक सीसी ७ ला गुणते. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, मी तसेच ठेवतो, कारण गाण्यातला चढउतार बहुतेक तिथेच लिहिलेला असतो आणि तो संयोजकाच्या मनातला आहे.

उलट चूकही तितकीच त्रास देते. ज्या फाइलमध्ये एखाद्या चॅनेलला सीसी ७ दिलेलाच नसतो, ती आधीच्या गाण्याची किंमत घेऊन वाजू लागते. त्यामुळे घरी एकटे नीट वाजणारे गाणे क्रम बदलताच वेगळे वाजते. यावर उपाय म्हणून प्रत्येक फाइलच्या आरंभी एक रिकामा बार ठेवून त्यात १६ ही चॅनेलचा व्हॉल्यूम स्पष्ट लिहिला आणि एक्स्प्रेशन १२७ केले.

पातळी कशावरून ठरवावी, याचा विचार करण्यात मात्र सर्वाधिक वेळ गेला. मी सर्व ट्रॅक संगणकावर रेकॉर्ड करून त्यांचे एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप, मोजले. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजाच्या गाण्यांत नऊ एककांचा फरक निघाला. तो शून्यावर आणल्यावर आकडे जुळले, पण कान जुळले नाहीत. केवळ बासरी आणि संतूर असलेले भावगीत ढोल-ताशाच्या गाण्याइतक्याच पातळीला आणले, तर गायिकेला हळुवार जागा घेताच येत नाहीत. शिवाय ज्या गाण्यांत मधले म्युझिक दणदणीत आहे, त्यांचे सरासरी माप फुगते आणि शब्दांखालची साथ विनाकारण दबते. म्हणून आता मी मुखडा आणि अंतऱ्याचा गायलेला भाग तेवढाच मोजतो, मग गायिकेला माइकवर प्रत्यक्ष गायला लावून शेवटचे एक-दोन डेसिबल कानाने ठरवतो. माझ्या मते निर्णय गळ्याजवळच व्हायला हवा. मीटर फक्त जवळपास आणून सोडतो.

उरलेली पाच गाणी तालवाद्यांमुळे अडली आहेत. १९९१ च्या जनरल मिडीत सतारीला १०५ आणि सनईला ११२ असे क्रमांक आहेत, पण ढोलकीला जागा नाही, त्यामुळे संयोजकांनी ती तालवाद्यांसाठी राखलेल्या दहाव्या चॅनेलवर कोंगा-बोंगो घालून निभावली आहे. आमच्याकडे ढोलकी काका स्वतः वाजवतात, म्हणून ते सूर काढून टाकायचे आहेत. पण मग त्याच चॅनेलवरचे टाळ आणि हाय-हॅट उघडे पडून टोचतात, आणि त्या चॅनेलचा सीसी ७ उतरवला तर किकही जातो. व्हेलॉसिटी, म्हणजे प्रत्येक आघाताचा जोर, कमी करून पाहिली, तेव्हा टाळ हळू होण्याबरोबर बोथटही झाला. सध्या एनआरपीएन २६ ही मिडीची वेगळी सूचना वापरून एकेका तालवाद्याची पातळी वेगळी ठरवत आहे. पहिल्या गाण्यात टाळ ८४ वर नेमका बसला. बाकीच्या चार गाण्यांसाठी रविवारची तालीम राखून ठेवली आहे, कारण काकांची ढोलकी शेजारी वाजत असल्याशिवाय टाळाचा आकडा ठरवता येत नाही.