पस्तीस दिवस गैरहजर? जिल्हा रेसिडेन्सीचा माझा अनुभव

प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: एकूण उपस्थिती ५७ दिवस. जिल्ह्यात मी राहिले होते ९२ दिवस, १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२४. मधले ३५ दिवस कुठे गेले, हे एका कार्यालयाला मान्य करायला लावण्यात माझे दोन महिने गेले. राग अजून पुरता गेलेला नाही.

मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात डीएनबी (एमडीसारखं पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण) फॅमिली मेडिसिन करते. तीन वर्षांच्या या शिक्षणात तीन महिने जिल्हा रेसिडेन्सी करावी लागते: आपलं रुग्णालय सोडून सरकारी जिल्हा रुग्णालयात काम करायचं आणि राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम प्रत्यक्ष कसे चालतात ते पाहायचं. माझी नेमणूक कोकणातल्या एका जिल्ह्यात झाली. यादी, आदेश, राहायची खोली हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जिल्हा रुग्णालयात पहिले ५१ दिवस ओपीडी आणि वॉर्ड यांत गेले. काम भरपूर होतं, पण पुण्यात करते तसंच. फॅमिली डॉक्टर व्हायचं तर तापाचा माणूस दारात येण्याआधी त्याच्या वाडीत काय घडलेलं असतं, ते बघायला हवं असं मला वाटत होतं. म्हणून मी अर्ज केला आणि २१ ऑगस्टपासून मला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवण्यात आलं. हा अर्ज कराच. कोणी आपणहून विचारत नाही, पण मागितलं तर मिळू शकतं.

दुसऱ्याच आठवड्यात एक शेतमजूर आला. ताप, लाल डोळे, आणि पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता. वैद्यकीय अधिकारी सरांनी लेप्टोचा (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय धरून रक्त पाठवलं आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं. पुण्यात माझं काम इथे संपलं असतं. इथे ते सुरू झालं. साथरोगांच्या सरकारी पोर्टलवर 'पी' फॉर्म (संशयित रुग्णाची नोंद) भरला आणि त्याच दुपारी आरोग्य सेवक व आशाताईंबरोबर मी त्याच्या वाडीवर गेले. शेजारच्या दोन घरांत तापाचे आणखी तिघे निघाले. तिघेही एकाच बांधाला अनवाणी काम करणारे, आणि तिघांनीही पावसात अंग मोडून येतंच म्हणून दुखणं अंगावर काढलेलं. आशाताईंना कोणाचा गोठा कुठे, कोणाच्या पायाला जखम, कोण गोळी घेतो म्हणून खिशात ठेवतो, हे सगळं तोंडपाठ होतं. त्या दुपारी मी एका रुग्णाची हिस्टरी घेण्याऐवजी वाडीची हिस्टरी घ्यायला शिकले.

पाण्याचंही तसंच. एका गावात जुलाबाचे रुग्ण वाढले, तेव्हा नळाच्या अगदी शेवटच्या घरातल्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या औषधाचे, थेंब टाकले. पिवळा रंग आलाच नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन नव्हता. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीत होती, पण पोतं उघडं आणि पावडर दमट. क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. जलसुरक्षकाला (गावच्या पाण्यात ती पावडर टाकणाऱ्या माणसाला) नवं पोतं मिळालं आणि ते झाकून कसं ठेवायचं हे समोर बसून ठरलं. गणपतीला मुंबईकर गावी येण्याआधी हे झालं, याचं समाधान मला आजही आहे. मी लिहिलेल्या कुठल्याच प्रिस्क्रिप्शनने इतक्या घरांचं भलं केलेलं नाही.

(जाणाऱ्यांनी गमबूट स्वतःचे न्यावेत. आणि भातशेतीत फिरायचं असेल तर डॉक्सिसायक्लिनचा आठवड्याचा प्रतिबंधक डोस स्वतःसाठीही सरांना विचारून घ्यावा. मला तो पहिल्या दिवशी सुचला नव्हता.)

२४ सप्टेंबरला तिथलं काम संपवून जिल्हा रुग्णालयात परतले, उरलेले सहा दिवस केले आणि पुण्याला आले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते ५७ दिवसांचं प्रमाणपत्र आलं.

विद्यावेतन आपलं मूळ रुग्णालय देतं, पण जिल्ह्यातून आलेल्या हजेरीवर. त्यामुळे सप्टेंबरचं विद्यावेतन लगेच थांबलं. त्याहून मोठी भीती दुसरी होती. डीएनबीत वर्षाला ३० दिवस रजा मिळते, त्यापुढे गेलात की शिक्षणाची मुदत वाढते. माझे ३५ दिवस गैरहजर धरले असते तर माझी परीक्षाही धोक्यात होती. आमच्या रुग्णालयातून सांगण्यात आलं, "हजेरी दुरुस्त करून आणा, नाहीतर ते दिवस पुन्हा करा."

जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, जिल्हा रुग्णालय शल्यचिकित्सकांकडे. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. आमच्या हजेरीपटावर तुम्ही नाही." हे नियमानं खरंच होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोन वेगळी घरं. मला एका घरातून दुसऱ्या घरात पाठवलं होतं, पण ते कळवायचं राहिलं होतं.

मी रात्रीची बस धरून गेले. जिल्हा परिषदेत आस्थापनेच्या टेबलावर विचारलं, तर, "आमच्याकडे तुमचा आदेशच आवक झालेला नाही. कशाच्या आधारावर प्रमाणपत्र द्यायचं?" मी आदेश काढून दाखवला. त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून तीन नावं होती, त्यांत जिल्हा आरोग्य अधिकारी नव्हते. एक ओळ लिहायची राहिली होती, आणि त्या ओळीपायी माझा चिखलातला प्रत्येक दिवस कागदावर नाहीसा झाला होता. तो आदेश तीन वेळा हातात घेऊनही मी ती ओळ वाचली नव्हती. तुम्ही वाचा. आदेश हातात पडताच शेवटचं पान आधी वाचा आणि जिथे जाणार त्या कार्यालयाला प्रत आहे का ते बघा. नसेल तर तिथेच उभं राहून घालून घ्या.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. माझी टिपणी ज्यांच्याकडे होती ते निवडणुकीच्या कामाला गेले. दिवाळी आली, गेली. दर सोमवारी फोन करायचे. साहेब दौऱ्यावर, फाइल वर गेली आहे, फाइल वरून आली नाही. त्या माणसांवर कामाचा ताण होता हे मला दिसत होतं. तरी एका प्रशिक्षणार्थीच्या वर्षाचा प्रश्न पाच ओळींच्या पत्राने सुटणारा होता, आणि ते पत्र कोणाला तातडीचं वाटत नव्हतं, याचा मला आजही त्रास होतो.

सुटका झाली ती एका कागदाने. २१ ऑगस्टला सकाळी केंद्रावर पोचले तेव्हा तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी आग्रहाने माझ्याकडून रुजू अहवाल लिहून घेतला होता: 'आज दि. २१/०८/२०२४ रोजी म.पू. रुजू होत आहे.' (म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व, म.नं. म्हणजे मध्यान्हानंतर.) केंद्राचा आवक शिक्का, क्रमांक, सरांची सही. "मॅडम, कागद असू द्या," एवढंच ते म्हणाले होते. मी फोटो काढून ठेवला होता. २५ नोव्हेंबरला, निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी, मी तो अहवाल, केंद्राच्या हजेरीपटाच्या सरांनी साक्षांकित केलेल्या प्रती आणि मूळ आदेश असा गठ्ठा घेऊन पुन्हा गेले. कार्यालयीन अधीक्षकांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "हा आवक क्रमांक आहे ना, मग झालं." जिल्हा परिषदेचं पत्र तीन दिवसांत निघालं. त्याचा जावक क्रमांक मी लगेच लिहून घेतला आणि पत्र हातोहात शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात नेऊन पोहोच घेतली. पत्र टपालाने जाईल असं म्हणाले तर हातोहात मागा. मी मागितलं आणि मिळालं.

९ डिसेंबरला सुधारित प्रमाणपत्र आलं. '२१/०८/२०२४ म.पू. ते २४/०९/२०२४ म.नं., प्राथमिक आरोग्य केंद्र' अशी ओळ त्यात होती आणि एकूण दिवस ९२. मी तो कागद घेऊन वॉर्डच्या जिन्यात बसले आणि सरांना फोन लावला. हजेरीचं सांगून झाल्यावर त्या शेतमजुराबद्दल विचारलं. बरा आहे, म्हणाले. भात झोडून झालंय, आता बागेत कामाला जातो, आणि आशाताईंनी त्याला बूट घ्यायला लावले आहेत.