कब्जा

काल दुपारी चहा टाकायचा म्हणून साखरेचा डबा काढायला गेलो आणि कपाटाचं दार हातातच आलं. अगदी पूर्ण नाही, खालच्या बिजागरीला लटकत राहिलं, पण वरची तिन्ही स्क्रूंसकट उपटून बाहेर. एका हातात दार आणि गॅसवर पाणी उकळतंय.

इंदूरात बिजागरीला कब्जा म्हणतात. मिस्त्रीला फोन केला तर म्हणे, "भिया, कब्जा गया कि पल्ला?" लहानपणी बाबा पेपरातली 'प्लॉट पर अवैध कब्जा' अशी बातमी मोठ्यानं वाचायचे तेव्हा मला वाटायचं कुणीतरी रात्री येऊन लोकांच्या प्लॉटवर बिजागऱ्या ठोकून पळतंय.

असो. तर या दाराची एक पद्धत होती. खालून जरासं उचलायचं, डावीकडे सरकवायचं, मग दाबायचं. घरात हे कुणी कुणाला शिकवलं नाही, सगळ्यांच्या हातालाच ठाऊक. पाहुणे मात्र लगेच उघडे पडायचे, पुण्याची मावशी दरवेळी दोनदा आपटायची आणि आई पोळ्या लाटता लाटता तिकडनंच, "उचलून गं, उचलून!" उचललं नाही की दार खालच्या पट्टीवर घासायचं, तिथला सनमायका जाऊन चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा पडलाय. तो आवाज इतका मोठा की दुपारी शेवेचा डबा चोरणं अशक्य. दादानं एकदा आईचं खोबरेल तेल ओतून बघितलं, आवाज तसाच, वर आठवडाभर तिथल्या बरण्यांना केसांचा वास.

बाबांचा इलाज एकच, मोठा स्क्रू. दर दिवाळीच्या साफसफाईला. अर्ध्या इंचाचा ढिला झाला की पाऊण इंची, मग एक इंची. एकोणीस एमएमच्या प्लायला एक इंची स्क्रू, म्हणजे टोक पलीकडच्या खणात बाहेर! पापड काढताना आईचं बोट फाटलं तेव्हा तो प्रयोग थांबला.

मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला. कुठला सोमवार ते त्यानं सांगितलं नाही, मग मीच बसलो. दाराची बाहेरची ओढ वरच्या बिजागरीवर येते म्हणून तीच आधी सुटते, आणि स्क्रूचं भोक एकदा मोठं झालं की कितीही पिळा, नुसता फिरत राहतो. माचिसच्या काड्यांचं गूल तोडायचं, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरायच्या, वर आलेली टोकं कापायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी तेच जुने स्क्रू, असे घट्ट बसले की शेवटचा फेरा द्यायला पेचकस दोन्ही हातांनी धरावा लागला. दार आता एका बोटानं लागतं. मी चार-पाच वेळा उगीचच लावून बघितलं.

शेवटची दोन वर्षं आई ते दार लावायचीच नाही. उघडंच टाकायची. येता-जाता आमच्या कपाळाला लागायचं आणि आम्ही ओरडायचो, आई, किती वेळा सांगायचं, लावत जा ना! ती हो रे, म्हणायची. मनगटं गेली होती तिची, पाण्याचा तांब्यासुद्धा दोन हातांनी धरायची, हे दिसत होतं की आम्हाला.

सात काड्या लागल्या.